पहिली-दुसरीच्या वर्गात मार्गदर्शित वाचन: सुरुवात कशी करायची

द्विशिक्षकी शाळेत नव्याने रुजू झालात की बहुतेक वेळा पहिली-दुसरी तुमच्या वाट्याला येते. दोन्ही वर्ग मिळून पंधरा-वीस मुलं, एक खोली, एक फळा. पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट दिसेल. ‘वाचा’ म्हटलं की सगळी मुलं एका सुरात धडा म्हणतात. त्यातल्या एखाद्याला जवळ घेऊन त्याच धड्यातलं मधलंच वाक्य दाखवलं की ते मूल गप्प होतं, किंवा पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू करतं. त्याला धडा पाठ आहे. पाठ असण्यात वाईट काही नाही, पण त्यालाच वाचन समजून आपण पुढे गेलो, तर ते मूल तिसरीत परिसर अभ्यासाचं पुस्तक उघडल्यावर अडकतं. तोवर ‘मला वाचता येत नाही’ हे लपवायला ते चांगलंच शिकलेलं असतं.

मार्गदर्शित वाचन नेमकं इथे उपयोगी पडतं. चार ते सहा मुलांचा गट, प्रत्येकाच्या हातात त्याच मजकुराची प्रत, पंधरा-वीस मिनिटं. प्रत्येक मूल आपापल्या गतीने, हळू आवाजात वाचतं आणि शिक्षक एकेकाजवळ वाकून ऐकतो. यात शिकवण्यापेक्षा ऐकण्याचं काम जास्त आहे. आपल्याला सवय असते समोर उभं राहून बोलायची, त्यामुळे हेच सर्वांत जड जातं. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता-लिहिता आणि साधं गणित करता यावं यासाठीचं केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान २०२१ मध्ये सुरू झाल्यापासून हा शब्द प्रशिक्षणांत वारंवार कानावर येतो. तो वर्गात कसा उतरवायचा, ते इथे क्रमाने लिहिते.

पायरी पहिली: प्रत्येकाचं एकट्याचं वाचन ऐका

गट करण्याआधी प्रत्येक मूल कुठे आहे ते कळायला हवं. परिपाठानंतर किंवा खिचडीच्या सुट्टीआधी रोज पाच-सहा मुलांना एकेक करून जवळ बसवा. तीन गोष्टी पुरतात: उलटसुलट क्रमाने लिहिलेली दहा-बारा अक्षरं, काना-मात्रा-वेलांटीचे आठ-दहा शब्द, आणि चार वाक्यांचा छोटा मजकूर. हा मजकूर पाठ्यपुस्तकातला नको. पुस्तकातला धडा त्यांनी थोरल्या भावंडांकडून ऐकलेला असतो आणि आपण फसतो.

मूल वाचत असताना दुरुस्त करू नका. नुसतं ऐका आणि लिहून ठेवा. ‘छान, पुढे’ एवढंच म्हणा. मुलांना ही परीक्षा वाटली तर पुढचे सगळे दिवस ती तुमच्याजवळ वाचताना धास्तावतील.

पायरी दुसरी: गट

साधारणपणे तीन गट पडतात. काहींना अजून बरीच अक्षरं ओळखता येत नाहीत. काही स्वरचिन्हांसह शब्द वाचतात, पण वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरतात. काही मुलं वाक्यं बऱ्यापैकी वाचतात आणि जोडाक्षरावर ठेचकाळतात. दुसरीचं मूल पहिल्या गटात असेल, पहिलीतलं एखादं तिसऱ्या. असू द्या. इथे इयत्तेची भिंत पाडायची सोय आहे, हा एकत्र वर्गाचा फायदा आहे.

पहिल्या गटाबरोबर मार्गदर्शित वाचनाची घाई करू नका. ज्याला ‘म’ आणि ‘भ’ वेगळे दिसत नाहीत त्याच्या हातात पुस्तक देऊन ‘वाच’ म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे. या मुलांना आधी ध्वनींचे खेळ, अक्षरांची ओळख आणि सहवाचन हवं. सहवाचन म्हणजे मोठ्या अक्षरातल्या तक्त्यावर तुम्ही शब्दाखाली पट्टी फिरवत वाचायचं आणि मुलांनी तुमच्याबरोबर वाचायचं. पंधरा-वीस अक्षरं आणि काना, वेलांटी, उकार हाताशी आले की त्यांना तीन-चार वाक्यांचा मजकूर देता येतो. या गटाला मात्र आठवड्यात सर्वांत जास्त वेळ द्या: यांना रोज, मधल्या गटाला तीन दिवस, पुढच्या गटाला दोन दिवस. व्यवहारात बहुतेक ठिकाणी उलट घडतं, कारण जे वाचतात त्यांच्याबरोबर बसायला आपल्यालाही बरं वाटतं.

गटांना ‘हुशार’, ‘मध्यम’ म्हणू नका हे सांगायला नको. पक्ष्यांची नावं दिली तरी मुलं दोन दिवसांत ओळखतात कोण कुठे आहे. खरा उपाय एकच, गट बदलत ठेवायचे. महिन्याभराने पुन्हा ऐका आणि मुलं हलवा. सहा महिने तोच गट राहिला तर ती त्या मुलाची ओळख बनते.

पायरी तिसरी: बाकीच्या मुलांचं काय?

मार्गदर्शित वाचन जिथे बंद पडतं तिथे नव्वद टक्के वेळा कारण हेच असतं. तुम्ही पाच मुलांना घेऊन बसलात की उरलेली दहा-बारा मुलं दर मिनिटाला येतात: बाई, पेन्सिलीला टोक नाही, बाई, हा ढकलतो, बाई, पाणी.

म्हणून गट सुरू करण्याआधी दोन आठवडे फक्त या सवयी लावा. तुम्ही गट न घेता नुसत्या वर्गात फिरत राहा आणि मुलांना आपापलं काम करू द्या. कामं ठरलेली असू द्यात. वाचनकोपऱ्यात दोरीला लटकवलेली पुस्तकं चाळणं. जोडीने वाचणं, एक वाचतो आणि एक बोट ठेवून ऐकतो. कालच्या मजकुरातलं आवडलेलं वाक्य पाटीवर लिहून त्याचं चित्र काढणं. शब्दपट्ट्या लावून वाक्य करणं. रोज नवं काम शोधू नका. तेच काम ओळखीचं झालं की मुलं तुम्हाला विचारत नाहीत.

नियम दोनच ठेवा. पाणी प्यायला किंवा लघवीला न विचारता, एका वेळी एकाने जायचं. आणि शिक्षक गट घेऊन सतरंजीवर बसलेले असताना अडचण आली तर आधी शेजाऱ्याला विचारायचं. सतरंजीभोवती खडूने गोल काढलात तर लहान मुलांना हे चटकन समजतं: गोलाच्या आत वाचन चाललंय, बाहेरच्याने आत यायचं नाही. लागलं-खुपलं असेल तेव्हा अर्थातच यायचं, हेही स्पष्ट सांगा.

पायरी चौथी: मजकूर

मजकूर थोडासाच अवघड हवा. लहान मुलांच्या वाचनाचा अभ्यास करणाऱ्या न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी रूढ केलेल्या वाचन नोंदीच्या पद्धतीतून एक ढोबळ माप जगभर वापरात आलं: शंभर शब्दांत पाचपर्यंत चुका झाल्या तर तो मजकूर मुलाने एकट्याने वाचावा, सहा ते दहा झाल्या तर तुमच्याबरोबर, त्याहून जास्त झाल्या तर आज नको. पहिली-दुसरीत शंभर शब्द क्वचित असतात. तीस-पस्तीस शब्दांत तीन अडखळण्या, एवढं लक्षात ठेवा.

पाच प्रती कुठून आणायच्या? गेल्या वर्षी पुढे गेलेल्या मुलांकडून बालभारतीची जुनी पुस्तकं मागून घ्या. केंद्रातल्या शेजारच्या शाळेशी अदलाबदल करा, म्हणजे तुमच्या मुलांनी न ऐकलेला मजकूर मिळतो. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीतल्या पुष्कळ गोष्टी मोफत आहेत आणि त्या छापून वापरायची परवानगीही आहे. तिथे चार स्तर केलेले आहेत आणि पहिल्या स्तरावर अडीचशेपर्यंत शब्द असतात. पण स्तराच्या आकड्यावर विसंबू नका, आधी स्वतः वाचा. अनुवादित गोष्टींत कधी कधी वाक्य छोटं असतं आणि शब्द मात्र मुलांनी कधीच न ऐकलेला.

मला स्वतःला हाताने लिहिलेला मजकूर सर्वांत उपयोगी वाटतो. अर्ध्या पानावर, ठळक अक्षरात, शब्दांमध्ये मोकळी जागा सोडून लिहा आणि झेरॉक्स काढा. हा एक नमुना, दुसरीच्या मधल्या गटासाठी:

*राधाची कोंबडी हरवली.*
*राधाने गोठ्यात पाहिले. कोंबडी नव्हती.*
*राधाने चुलीमागे पाहिले. कोंबडी नव्हती.*
*राधाने टोपली उचलली. टोपलीत फक्त एक पीस होते.*
*तेवढ्यात माळ्यावरून आवाज आला.*
*आई म्हणाली, “वर चढू नकोस. ती अंड्यांवर बसली आहे.”*

चौतीस शब्द आहेत. वाक्यं एका साच्याची आहेत, म्हणून मुलाला आधार मिळतो. तरी शेवट ठाऊक नसल्याने वाचावंच लागतं.

यात जोडाक्षरं किती आली ते पाहा: गोठ्यात, नव्हती, फक्त, तेवढ्यात, माळ्यावरून, म्हणाली, अंड्यांवर. मुद्दाम घातलेली नाहीत. मराठीत गोठा, माळा, अंडे या शब्दांना प्रत्यय लागला की ‘ठ्या’, ‘ळ्या’, ‘ड्यां’ आपोआप येतात. जोडाक्षरं वर्षाच्या शेवटी शिकवायची म्हणून तोवर ती टाळली, तर मुलांना वाचायला उरतात अशी वाक्यं जी कुणी घरात बोलत नाही. म्हणून जोडाक्षर दिसेल तेव्हा, एखाद्-दुसरं, बोलण्यातल्या शब्दातूनच ओळखीचं करून द्या.

पायरी पाचवी: प्रत्यक्ष गट

मुलांना अर्धगोलात बसवा. तुम्हाला हात न टेकता प्रत्येकाच्या कानापर्यंत वाकता आलं पाहिजे.

पहिली तीन मिनिटं बोलणं. ‘कुणाच्या घरी कोंबड्या आहेत? कोंबडी कुठे कुठे लपते?’ मुलं सुटतात, त्यांना जास्त वेळ द्यावासा वाटतो, पण आवरा. मजकुरातले एक-दोन शब्द बोलण्यात आणा. गावातल्या मुलांना ‘माळा’ ठाऊक असतो. शहरातल्या मुलाला माळा म्हणजे इमारतीचा मजला, तेव्हा घराच्या छपराखालच्या जागेबद्दल दोन वाक्यं बोला. गोष्ट सांगून टाकू नका. ‘कोंबडी सापडली का ते वाचून पाहा’ एवढ्यावर थांबा.

मुलांची घरची भाषा वेगळी असेल तर हा भाग तीन मिनिटांत होणार नाही. मेळघाटातली कोरकू मराठीच्या कुळातली भाषाच नाही, ती मुंडा कुळातली. त्या मुलाला ‘हरवली’, ‘उचलली’ हे शब्द अक्षरं जुळवून वाचता आले तरी त्यातून काही उमगत नाही. अशा वर्गात आदल्या दिवशी गोष्ट अभिनयाने खेळून घ्या, टोपली खरोखर उचलून दाखवा, मुलांना त्यांच्या भाषेत सांगू द्या, तुम्हीही दोन शब्द शिका. मग दुसऱ्या दिवशी वाचन.

त्यानंतरची सहा-सात मिनिटं वाचनाची. सगळ्यांना एकदम सुरू करायला सांगितलं की अर्ध्या मिनिटात पुन्हा एक सूर लागतो. म्हणून एकेकाला थोड्या थोड्या अंतराने सुरू करा. एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी पुढची ओळ ऐकत बसायचं, असंही करू नका. त्यात पाचातली चार मुलं रिकामी राहतात आणि आपली पाळी येईपर्यंत आपलंच वाक्य मोजून पाठ करतात. सगळी वाचताहेत, कुजबुजत, आणि तुम्ही एकाजवळ मिनिटभर कान देऊन पुढच्याकडे सरकता आहात, असं चित्र हवं. ज्याचं आधी संपेल त्याने पुन्हा वाचायचं, या वेळी आईचं बोलणं आईसारखं.

मग दोन-तीन मिनिटं गप्पा. ‘राधाने कुठे पाहिलं?’ हा प्रश्न ठीक आहे, त्याचं उत्तर ओळीत आहे. खरा प्रश्न: ‘आईला आधीपासून ठाऊक होतं का? मग तिने सांगितलं का नाही?’ यावर मुलं भांडतात. भांडू द्या, पण ‘कशावरून?’ विचारा आणि बोट मजकुरावर ठेवायला लावा.

शेवटी एकच गोष्ट शिकवा, दोन मिनिटांत. त्या दिवशी जिथे सगळ्यात जास्त मुलं अडखळली ती. पाटीवर ‘गोठा’ लिहा, खाली ‘गोठ्यात’. ‘माळा’, ‘माळ्यावर’. मग विचारा, ‘ओटा’चं काय होईल? मुलं ‘ओट्यावर’ म्हणतात आणि लिहूनही पाहतात. चार गोष्टी शिकवाव्याशा वाटतील. उरलेल्या तीन वहीत टिपून ठेवा.

मूल अडलं की काय म्हणायचं

आधी काहीच म्हणू नका. मनात पाचपर्यंत मोजा. शांतता फार लांब वाटते, पण पुष्कळदा चौथ्या अंकाला मूल स्वतःच शब्द सोडवतं, आणि त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते आपण शब्द सांगून टाकला असता तर आलं नसतं. शेजारची मुलं पटकन उत्तर देतात. त्यांना आधीच सांगून ठेवा की दुसऱ्याचा शब्द त्याचा त्यालाच वाचू द्यायचा.

तरी अडलंच तर शब्दाचा मागचा भाग बोटाने झाकून पहिला वाचायला सांगा: ‘टोप’, मग ‘ली’. ‘फक्त’ला ‘फकत’ म्हणालं तर पाय मोडलेल्या क कडे बोट दाखवा. एवढ्याने होत नसेल तर शब्द सांगा, आणि ते वाक्य सुरुवातीपासून पुन्हा वाचू द्या. दोनदा प्रयत्न झाल्यावर तिसऱ्यांदा ताणू नका, गोष्ट हातची निसटते.

‘चित्र बघ आणि ओळख’ हा सल्ला तुम्हाला अनेक ठिकाणी मिळेल. तो इंग्रजी वाचन शिकवण्याच्या पद्धतींतून आलेला आहे आणि तिकडेही आता त्यावर बरीच टीका होते. मराठी लिपीत अक्षर बहुतेक वेळा आपला आवाज सरळ सांगतं. मग चित्राकडे पाठवून अंदाज का करायला लावायचा? टोपलीचं चित्र धूसर असलं तर मूल ‘टोपी उचलली’ वाचून खुशाल पुढे जाईल. चित्र बोलण्यासाठी ठेवा. शब्द अक्षरांवरून वाचावा, आणि मग ‘टोपीत पीस कसं असेल?’ असा अर्थाचा पडताळा घ्यावा.

लिपी सरळ असली तरी दोन ठिकाणी ती गप्प बसते. मूल ‘ब-स-ली’ असं सुटं वाचतं. आपण बोलताना ‘स’मधला अ गाळतो. अशा वेळी सरावाला आणखी शब्द देऊन उपयोग नाही. ‘घरी बोलताना कसं म्हणतोस?’ असं विचारा, लगेच ‘बसली’ येतं. दुसरं, च आणि ज. चिमणीतला च आणि चुलीतला च एकच लिहितो, उच्चार वेगळे. हेही बोलण्यावरूनच सुटतं. म्हणून तो शब्द मुलाच्या कानावर आधी पडलेला असणं एवढं महत्त्वाचं आहे.

नोंद

प्रत्येक मुलाला वहीचं एक पान द्या. रोज गटातल्या एकाचीच नीट नोंद करा. बरोबर शब्दाला बरोबरची खूण, चुकलेल्या शब्दावर मुलाने जे म्हटलं ते जसंच्या तसं. ‘गोठ्यात’वर ‘गोठात’. ‘पाहिले’वर ‘पाहिलं’. शब्द गाळला तर आडवी रेघ, चूक स्वतः सुधारली तर ‘स्व’. ‘पाहिलं’ ही चूक धरू नका. मूल अर्थ समजून आपल्या बोलीत वाचतंय, उलट ते चांगलं लक्षण आहे. स्वतः सुधारलेला शब्दही चुकांत मोजायचा नाही.

महिन्याने ही पानं चाळलीत की दिसतं: हे मूल प्रत्यय गाळतं, ते पहिलं अक्षर पाहून बाकीचं ठोकून देतं, तिसरं सगळं बरोबर वाचतं आणि विचारल्यावर काहीच सांगू शकत नाही. तिघांना तीन वेगळे उपाय हवेत. केंद्रप्रमुख आले की त्यांच्यापुढे हीच वही ठेवा, मुलाबद्दल नेमकं बोलता येतं.

वेगाबद्दल थोडं. निपुणच्या लक्ष्यांत दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द असं दिलेलं आहे. ते ठाऊक असू द्या, पण गटात घड्याळ धरून बसू नका. घाई झाली की मुलं आधी प्रत्यय गिळतात, मग अर्थ. तोच मजकूर तीन-चार दिवस वेगवेगळ्या निमित्ताने पुन्हा वाचला की वेग आपसूक वाढतो.

पुन्हा वाचायला घर उत्तम. गटात वाचून झालेली प्रत दप्तरातून घरी जाऊ द्या. आजीला वाचता येत नसलं तरी चालतं. तिने जवळ बसायचं, ऐकायचं आणि ‘मग काय झालं?’ विचारायचं, एवढंच पालकसभेत सांगा. प्रत फाटेल, तेलकट होईल, हरवेल. पुन्हा झेरॉक्स काढा.

आणि एखादं मूल रोज गटात बसूनही दोन-अडीच महिने जागचं हललं नाही, तर मजकूर आणखी सोपा करण्याआधी त्याचे डोळे आणि कान तपासून घ्या. कागद नाकाजवळ धरतं का, फळ्यावरचं शेजाऱ्याच्या पाटीतून उतरवतं का, पाठमोरं असताना हाक ऐकू येते का, वारंवार कान फुटतो का, हे आठवडाभर बघून लिहून ठेवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, त्या दिवशी हे मूल गैरहजर राहणार नाही याची खात्री करा आणि डॉक्टरांना तुमची नोंद दाखवा. पथक यायला वेळ असेल तर पालकांना घेऊन थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तोवर त्याला सतरंजीवर तुमच्या अगदी शेजारी, उजेडाकडे तोंड न येता उजेड कागदावर पडेल असं बसवा.